दहाव्या एकाने केलेला घोळ

आमच्या भांडुपच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. मला तो तीनदा आला, त्यातला एक सख्ख्या आत्याकडून. मजकूर थोडक्यात असा: गणित म्हणजे वेग, दहा सेकंदांत उत्तर आलं नाही तर ते डोकं गणिताचं नाही, शोधायचं ते मोठ्या लोकांनी शोधून ठेवलंय, आणि आकडेमोड फोन करतो, तेव्हा पोरांना छळू नका. खाली जोडलेले हात.

वेगाचं आधी उरकतो. पाढे पाठ हवेतच, त्यावर माझं भांडण नाही. पण गणितज्ञ अँड्र्यू वाइल्स फर्माच्या शेवटच्या प्रमेयामागे, म्हणजे शतकानुशतकं न सुटलेल्या एका कोड्यामागे, सात वर्षं होते. १९९३ मध्ये त्यांनी सिद्धता जाहीर केली, तीत खोट निघाली, आणि ती बुजवायला आणखी वर्षभर गेलं. दहा सेकंदांच्या परीक्षेत हा गृहस्थ नापास.

फोनचा मुद्दा मात्र मजेचा आहे. रविवारी माझी सहावीतली भाची वहीत एक-एक लिहून गुणाकार करत बसली होती. ११ × ११ = १२१. १११ × १११ = १२३२१. पुढे १२३४३२१. असं करत नऊ एकांना १२३४५६७८९८७६५४३२१. चढायचं आणि उतरायचं. दहा एकांना काय येणार, हे तिला फोनकडून हवं होतं. माझ्या फोनने १.२३४५६७९ लिहून पुढे ई १८, म्हणजे 'गुणिले दहाचा अठरावा घात', टाकलं आणि हात वर केले.

"मामा, आठ कुठे गेला?"

नेमकी गमतीची जागाच फोनने गिळली होती. चौकटीच्या वहीत हाताने गुणाकार मांडला तेव्हा आलं १२३४५६७९००९८७६५४३२१. चढतानाचा आठ गायब, मध्ये दोन शून्यं. "मोडलं," म्हणाली आणि पेन्सिल टाकली. मी चहा ठेवायला उठलो. खरं सांगायचं तर मलाही लगेच उलगडलं नव्हतं. परत येतो तो तिने शेवटची बेरीज खोडून पुन्हा लिहिली होती, या वेळी हातचा न घेता. मधल्या चौकटीत अख्खे १० कोंबले होते: १, २, ३ करत ९, मग १०, मग परत ९ पासून १. नक्षी जागच्या जागी होती, हातच्याखाली झाकली गेली होती एवढंच.

मग तिला दुसरा किडा चावला. १२१ च्या अंकांची बेरीज ४, १२३२१ ची ९, पुढे १६, २५. म्हणजे दहा एकांना १०० हवी, आणि येते ८२. १८ कुणी खाल्ले? एका चौकटीतून १० उचलून शेजारी १ ठेवला की बेरीज ९ ने घटते, आणि इथे हातचे दोन होते. एवढ्याला आम्हाला पाऊण तास लागला. चहा गार.

आता 'मोठे लोक'. या नक्षीचा शोध आमचा नाही, हे कबूल. अशा संख्यांना डेम्लो संख्या म्हणतात. त्यांचा अभ्यास केला दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी, आणि नाव दिलं आपल्याच सेंट्रल लाइनवरच्या डोंबिवली स्टेशनच्या जुन्या नावावरून, कारण कल्पना तिथे सुचली. १९०५ साली डहाणूला जन्मलेले कापरेकर देवळालीत शाळामास्तर होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. डोंबिवली स्टेशनावर आपल्याला सहसा फक्त बसायला जागा मिळेल का हेच सुचतं.

आत्याला अजून उत्तर दिलेलं नाही. वहीच्या पानाचा फोटो पाठवावा म्हणतोय. भाची आता अकरा एकांवर आहे. हातचे किती येतील यावर आमची वडापावची पैज लागलीय. ती म्हणते चार, मी म्हटलं तीन. आता मांडून बघायची हिंमत होत नाहीये.