खुलासा : लिंकांची अदलाबदल आणि गुगलचं पहिलं पान

‘दर रविवारी ग्रुपवर ब्लॉगची लिंक टाका, दुसऱ्यांच्या लिंका आपल्या ब्लॉगवर लावा, महिन्याभरात गुगलवर वर याल,’ असा मेसेज रत्नागिरी-मालवणकडच्या होमस्टेवाल्यांत आणि पाककृती लिहिणाऱ्यांत फिरतोय. तो अर्धाच खरा.

वर येण्याची गोष्ट विसरा. ‘तू माझी लाव, मी तुझी लावतो’ अशी ठरवून केलेली अतिरेकी देवाणघेवाण गुगलच्या नियमांत स्पॅममध्येच मोडते. शोधनिकालांचा क्रम लावण्याच्या पद्धतीत गुगलनं २०१२मध्ये केलेल्या ‘पेंग्विन’ नावाच्या बदलाचा रोख अशाच लिंकांवर होता. २०१६पासून त्या बहुधा हिशेबातच धरल्या जात नाहीत, म्हणजे मेहनत पाण्यात. (आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या खासगी ग्रुपातली लिंक गुगलला दिसतच नाही, हे मेसेजवाला सांगत नाही!)

माणसं मात्र येतात, एकमेकांचं खरंच वाचलं तर. आंबोळीच्या पिठाचं प्रमाण लिहिणाऱ्या ताईंना तिरफळावर लिहिणारा कुणी सापडतो आणि तो पुन्हा फिरकतो. लिंक टाकून पसार होणाऱ्याकडे कोण कशाला जाईल? आपल्या ब्लॉगवर अशी यादी लावायचीच असेल, तर लिंकांना ‘नोफॉलो’ (ही लिंक क्रम लावताना धरू नका, असं गुगलला सांगणारी कोडमधली खूण) जोडा. ती सोय २००५पासून आहे.