गच्चीची किल्ली

काल सकाळी ९ वाजून ४१ मिनिटांनी आमचा उपग्रह क्षितिजावर उगवला, तेव्हा मी माशाच्या काट्यासारखा दिसणारा यागी अँटेना बगलेत मारून, गच्चीच्या कुलपाखाली उभा राहून रजिस्टर भरत होतो.

१० सेंटिमीटरचा हा चौकोनी डबा आम्हा विद्यार्थ्यांचा. सुमारे ५०० किलोमीटर उंचीवरून तो सेकंदाला साडेसात किलोमीटर धावतो आणि डोक्यावरून गेला तरी जेमतेम ११ मिनिटे आपल्या हाती लागतो. त्याची बॅटरी दोन दिवस उतरत होती. ट्रान्समीटर आवर, एवढाच निरोप द्यायचा होता.

किल्लीवाल्या काकांना मात्र ‘कोणाला भेटायचे’ हा रकाना कोरा चालत नाही. मी ‘उपग्रह’ लिहिले.

“कुठून येणार?”

“उत्तरेकडून.”

“म्हणजे नाशिकहून?”

नाशिक ते पुणे हे अंतर त्याला अर्धे मिनिटही पुरत नाही, हे सांगण्यात ते अर्धे मिनिट गेले असते, म्हणून मी मान डोलावली.

“मग येऊ दे की. गेटवर एंट्री झाली की मी वर पाठवतो.”

“तो थांबणार नाही, काका.”

“एवढ्या लांबून येऊन थांबणार नाही?” काका खरोखरच दुखावले. “पाणीसुद्धा नाही?”

मग जुडगा निघाला. २०१६ साली पीएसएलव्ही-सी३४ मधून गेलेला पुण्याच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ किलोभराचा होता, आमचाही तेवढाच आहे. हा जुडगा दोघांनाही भारी पडला असता. नववी किल्ली लागली. येताना ४३७ मेगाहर्ट्झच्या वर १० किलोहर्ट्झने चढलेला आणि जाताना तेवढाच उतरलेला असा आमच्या उपग्रहाचा सूर असतो. माझ्या कानी फक्त उतरलेला आला, तोही मोर्सची दोन अक्षरे टाकून बुडाला.

पृथ्वी मधल्या वेळात फिरते, त्यामुळे ९५ मिनिटांनंतरची फेरी पश्चिमेला क्षितिज घासून जाते, म्हणजे पाण्याच्या टाकीमागून. रात्री दहाच्या सुमाराची फेरी चांगली असते, पण आठनंतर गच्ची बंद. प्रवेशद्वारावरच्या फ्लेक्सवर उपग्रहाशेजारी ज्या सहा मान्यवरांची छायाचित्रे झळकत आहेत, त्यांच्यापैकी एकाकडे तीन महिने दुसऱ्या किल्लीचा अर्ज पडून आहे. फ्लेक्स मात्र दोन दिवसांत छापून आला होता.

खाली आलो तर रजिस्टर अजून उघडेच होते.

“पाहुणा गेला का?”

मी ‘९:५२’ लिहिले.

“आणि सही?”

तीही मीच केली.