कुलूप मजबूत हवं

शहरात तुमच्या नावावर एखादं जादा घर असेल, किंवा एकही नसेल आणि असावं असं वाटत असेल, तर आधी तुमचं अभिनंदन. पुढची वीस वर्षं तुम्हाला बोलायला विषय कमी पडणार नाही. घ्यावं, विकावं की भाड्याने द्यावं, या प्रश्नाची खुबी अशी की रात्री कितीही पक्का सोडवला तरी सकाळी तो होता तिथेच बसलेला असतो. घाईने निर्णय घेऊन असा दुभता प्रश्न हातचा घालवू नका. मी या विषयातला जाणकार आहे. मी आणि दादा मिळून एक घर गेली नऊ वर्षं विकतो आहोत. तेवढीच वर्षं ते भाड्यानेही देतो आहोत. ते अजून आमच्याकडेच आहे.

घर घेण्यापासून सुरू करू. यात मुख्य पथ्य एकच, कागद-पेन्सिल घेऊन बसायचं नाही. त्याऐवजी एक वाक्य पाठ करा: 'भाडं म्हणजे पैसे पाण्यात, हप्ता म्हणजे आपल्याच घरात.' हे वाक्य तुम्हाला कुणीही ऐकवेल, मेहुणा तर नक्कीच. त्यावर हिशेब मागू नका, हिशेब फार उद्धट असतो. समजा 9 टक्के व्याजाने 20 वर्षांचं कर्ज काढलंत. पहिल्या हप्त्याचे सहा वाटे केले तर पाच व्याजाचे आणि एक मुद्दलाचा. इमानेइतबारे 10 वर्षं हप्ते भरून तुम्ही बँकेत गेलात आणि म्हणालात, 'अर्धी मुदत सरली, म्हणजे कर्जही अर्ध्यावर आलं असेल?' तर समोरचा माणूस काही न बोलता स्क्रीन तुमच्याकडे वळवतो. घेतलेल्या दर 100 मधले 71 अजून उभे असतात. अर्धं मुद्दल फिटेपर्यंत चौदावं वर्ष संपत येतं, आणि शेवटी बेरीज मारली तर घेतलेल्याच्या दुपटीहून जास्त परत गेलेलं असतं. यात खचून जाण्यासारखं काही नाही. भाडं पाण्यात जातं, व्याज बँकेत जातं. बँकेची इमारत पाण्यापेक्षा केव्हाही भक्कम दिसते.

समोरच्या पक्षालाही तोटा नाही. 'मी आयुष्यभर भाड्यानेच राहणार आणि हप्ता व भाडं यांच्यातला फरक दर महिन्याला गुंतवणार,' असं सांगणारा एक तरुण प्रत्येक घरात असतो. त्याचं गणित बिनचूक असतं. फक्त तो फरक गुंतवायचा तेवढा राहतो. हप्ता चुकला तर बँकेचा फोन येतो, फरक चुकला तर कुणाचाच येत नाही, आणि अर्धं अर्थशास्त्र या फोनपाशी संपतं. पण त्याला हे सांगू नका. आलेख दाखवताना त्याचा चेहरा फार आनंदी दिसतो.

मग येतात ते 'घराची किंमत कधी खाली येत नाही'वाले. या मंडळींकडे एक काका असतात, ज्यांनी वीस वर्षांपूर्वी घेतलेलं घर आज चौपट झालेलं असतं. चौपट! शब्दच असा आहे की पुढचं काही ऐकू येत नाही. वीस वर्षांत चौपट म्हणजे वर्षाला साधारण 7.2 टक्के, हे तिथे पुटपुटू नका. त्यातून व्याज, कर, नोंदणीचा खर्च, रंगरंगोटी आणि तेवढ्या वर्षांची महागाई वजा करायची असते, हे तर मुळीच नको. काकांचा वाढदिवस असेल तर त्यावर विरजण कशाला?

तुम्हाला खरोखरच लांब पल्ल्याचं धोरण हवं असेल, तर ॲम्स्टरडॅमच्या हेरेनग्राख्त या कालव्याकडे बघा. पीट आइखहोल्ट्स या डच अभ्यासकाने त्या कालव्याकाठच्या घरांच्या 1628 ते 1973 या काळातल्या किमती मांडल्या. चांगल्या वस्तीतली, टुमदार, नेहमी मागणीतली घरं. महागाई वगळून बघितलं तर त्यांची किंमत साडेतीनशे वर्षांच्या आसपास जेमतेम दुप्पट झाली, म्हणजे वर्षाला 0.2 टक्के. तेव्हा धीर धरा. 'जमीन काही नव्याने तयार होत नाही' हा आपला हुकमी एक्का, पण तो त्या देशात टाकू नका. त्या लोकांनी समुद्र मागे सारून जमीन तयार करून ठेवली आहे.

असो. घर घेतलं. आता विकायचं म्हणू.

विकताना किंमत ठरवायचं शास्त्र सोपं आहे. आपण घेतली ती किंमत, अधिक फरशी बदलली तो खर्च, अधिक फरशी बदलताना झालेला मनस्ताप, अधिक शेजारच्या इमारतीत कुणीतरी मागितलेली किंमत. मागितलेली. मिळालेली किती, याची चौकशी करणं शिष्टाचारात बसत नाही. 1987 साली नॉर्थक्राफ्ट आणि नील या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या टूसॉनमध्ये घरांच्या एजंटांना एक घर हिंडून दाखवलं. माहितीचे कागद सगळ्यांना सारखे, फक्त मालकाने मागितलेली किंमत प्रत्येक गटाला वेगळी. ज्यांच्या कागदावर आकडा मोठा होता त्यांना घराचं मोलही मोठं वाटलं. त्यातल्या बहुतेकांनी सांगितलं की त्या आकड्याचा आपण विचारच केला नाही. हा व्यवसाय करणाऱ्यांची ही गत, मग तुमच्या डोक्यात शेजाऱ्याचा आकडा घर करून बसला तर लाजायचं कारण काय?

शिवाय वस्तू आपली झाली की ती सोन्याची होते. काहनेमन, नेच आणि थेलर यांनी 1990 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निम्म्या लोकांना कॉफीचे साधे मग वाटून दिले आणि उरलेल्यांना ते विकत घ्यायला सांगितलं. ज्यांच्या हातात मग होता त्यांनी घेणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक किंमत सांगितली. मग हातात येऊन थोडाच वेळ झाला होता. तुमच्या भिंतीवर तर मुलीची उंची पेन्सिलने मोजून ठेवलेली आहे, तारखांसकट. त्याचे पैसे गिऱ्हाईक देणार नाही, तो त्यावरून रंगाचा हात फिरवणार आहे. पण तुम्ही मागा. मागायला काय जातं?

बाजार पडला असेल तर मात्र विशेष बाणेदारपणा दाखवावा लागतो. 'घेतल्या भावापेक्षा एक पैसा कमी घेणार नाही.' बाजाराला तुमचा घेतला भाव ठाऊक नसतो आणि ठाऊक असता तरी त्याला त्याचं सोयरसुतक नसतं, पण ते त्याचं अज्ञान. जेनेसोव्ह आणि मेयर यांनी बॉस्टनमधल्या 1990 च्या दशकातल्या फ्लॅटविक्रीचा अभ्यास केला, त्यात तोट्यात असलेल्या मालकांनी इतरांपेक्षा चढी किंमत लावली आणि त्यांचे फ्लॅट जास्त दिवस पडून राहिले. थोडीफार किंमत जास्त मिळालीही. म्हणजे हट्टाला अगदीच फळ नाही असं नाही, फक्त ते झाडावर बराच काळ लटकतं.

आणि एजंट सांगेल तेव्हा विका. त्याला तुमची कळकळ असते. लेविट आणि सिव्हर्सन यांनी शिकागोच्या आसपासचे सुमारे एक लाख विक्रीव्यवहार तपासले, तेव्हा एजंटांनी स्वतःची घरं विकताना साधारण साडेनऊ दिवस जास्त वाट पाहिली आणि 3.7 टक्के जास्त किंमत मिळवली असं दिसलं. ग्राहकाला मात्र 'हीच चांगली ऑफर आहे, सोडू नका' असं सांगायची घाई. यात लबाडी शोधू नका. तुम्हाला मिळणाऱ्या जादा पैशातून त्याच्या वाट्याला चिमूटभर येणार आणि हेलपाटे मात्र सगळे त्याचे. त्याच्या जागी तुम्ही असतात तर तुम्हालाही पहिली ऑफर फार गोड वाटली असती.

भाड्याने देण्यात तर सुखच सुख. त्यासाठी भाडेकरू असा शोधायचा, जो भाडं वेळेवर देईल आणि घरात राहणार नाही. राहिला की तो भिंतीला खिळा ठोकतो, नळ उघडतो, रात्री खुर्ची सरकवतो. वर्षाचं भाडं किमतीच्या 3 टक्के येत असेल तर घराची किंमत भाड्यातून वसूल व्हायला 33 वर्षं लागतात, आणि तीही मध्ये एकदाही रंग न देता, पाइप न फुटता, एक महिनाही रिकामं न राहता. महिनाभर रिकामं राहिलं की वर्षाच्या भाड्याचा बारावा हिस्सा गेला. म्हणूनच भाव सोडायचा नाही. समोरचा म्हणतो त्यापेक्षा 10 टक्के जास्तच घेणार, असं म्हणून पाच महिने घर रिकामं ठेवा. सहाव्या महिन्यात तसा भाडेकरू मिळाला की ते बुडालेले पाच महिने भरून निघायला फक्त 50 महिने लागतात. चार वर्षं आणि दोन महिने. तोवर तो भाडेकरू टिकला तर, आणि तोही सहसा टिकत नाही, कारण त्यालाही कुणीतरी 'भाडं म्हणजे पैसे पाण्यात' हे सांगितलेलं असतं.

या तीन वाटांनी थकलेल्यांसाठी चौथी वाट आहे, आमची. कुलूप लावायचं. किमती चढत असल्या की दादा म्हणतो, 'आत्ता कशाला विकायचं, अजून चढतील.' उतरल्या की म्हणतो, 'आत्ता कोण विकतं?' स्थिर असल्या की मी म्हणतो, 'जरा हालचाल होऊ दे.' भाडेकरू ठेवला तर गिऱ्हाईकाला दाखवायची पंचाईत, म्हणून भाड्याने देत नाही. कधीतरी भाड्याने द्यायचं आहे, म्हणून विकत नाही. मेंटेनन्स आणि कर दोघांत वाटून भरतो. त्याबद्दल आमच्यात कधी वाद होत नाही. वाद होण्यासारखं काही ठरतच नाही ना.

फक्त एक प्रश्न घरात कुणाला विचारू देऊ नका. आमच्याकडे तो वहिनीने विचारला. ताटं उचलता उचलता सहज म्हणाली, 'भाऊजी, त्या घराची किंमत आज रोख तुमच्या हातात असती, तर हेच घर विकत घेतलं असतंत का?' मी म्हटलं, 'वहिनी, तसं नसतं ते.' 'मग कसं असतं?' तिने विचारलं. दादा उठून गॅलरीत गेला, पाऊस येतो आहे का बघायला. आकाश कोरडं ठणठणीत होतं. बराच वेळ बघत होता.

तेव्हापासून आम्ही वर्षातून एकदा जाऊन घर बघून येतो. बंद घराला एक वास असतो, ओल्या पुठ्ठ्यासारखा, दार उघडताच अंगावर येणारा. नळ सोडला की आधी खाकरतो, मग तांबूस पाणी ओकतो, मग गप्प होतो. गॅलरीत कबुतरांनी तीन पिढ्यांचा संसार मांडलेला आहे. त्यांनी घ्यावं की भाड्याने राहावं यावर कधी चर्चा केल्याचं दिसत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर आम्ही शेवटचं पान उलटलं त्या महिन्यावर थांबलं आहे. तीन वर्षांपूर्वी एक जोडपं घर बघायला आलं होतं. त्यांच्या मुलाने खिडकीच्या काचेवरच्या धुळीत बोटाने मांजर काढलं होतं. ऑफर बरी होती. 'विचार करून कळवतो,' असं आम्ही दोघं एकाच सुरात म्हणालो. मांजर अजून आहे. मिशांवर नवी धूळ बसली आहे, एवढंच.

या खेपेला कुलूपच उघडेना. दादाने किल्ली फिरवली, मी फिरवली, तेल सोडलं, शेवटी किल्लीचा दात आत मोडून राहिला. किल्लीवाला बोलावला. त्याने कुलूप बघितलं, आम्हाला बघितलं आणि विचारलं, 'घर तुमचंच ना?'

'हो,' आम्ही म्हणालो.

'मग उघडत का नाही कधी?'

उत्तराची वाट न बघता त्याने कुलूप कापलं. खाली गंजाचा चुरा पडला. दार उघडलं, पण आम्ही दोघेही आत गेलो नाही. हत्यारं पिशवीत भरता भरता त्याने विचारलं, 'नवं कुठलं लावू? साधं की भारीतलं?'

दादाने माझ्याकडे बघितलं.

'भारीतलंच लाव,' तो म्हणाला. 'तात्पुरतं आहे.'