त्या कव्हरांचं काय केलंत?

घरात कुणाच्या हातात सेलोटेप दिसली की हल्ली माझं टाळकंच सरकतं. फाटलेल्या कॉमिकला टेप लावणं ही दुरुस्ती नाही. काही वर्षांत वरचं प्लास्टिक सुटून हातात येतं आणि डिंक कागदात मुरून बसतो. तपकिरी, तेलकट, पलीकडच्या पानावर उमटलेला. आमच्याकडे इंद्रजाल कॉमिक्समधल्या मँड्रेक जादूगाराच्या तोंडावर असा पट्टा आहे. तो आता जगातल्या कुठल्याही उपायाने माझ्याच्याने निघणार नाही. लावणाऱ्याने मात्र प्रेमानेच लावला होता म्हणे.

मला राग येतो तो ह्याच प्रेमाचा. अण्णांनी मिलच्या पगारातून एकेक करून घेतलेली ही कॉमिक्स. इंद्रजाल, अमर चित्र कथा, चांदोबाचे अंक, आणि नंतर दादाने भर घातलेले राज कॉमिक्सचे नागराज आणि ध्रुव. कुणी फेकली नाहीत, कुणी जाळली नाहीत. सगळ्यांनी "जपून ठेवली". म्हणजे सुतळीने करकचून बांधली, जुन्या चादरीत गाठोडं केलं आणि पत्र्याखालच्या माळ्यावर ढकलून दिली. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ ला जातो. तेव्हा त्या पत्र्याखाली काय होत असेल? वर मलाच ऐकवतात, "आपल्याकडची हवा कोरडी, कागदाला काय होतंय?" होतंय हो! हा स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाचे धागे घट्ट धरणारा पदार्थ, तसंच राहिलेलं असतं. हवेने, उजेडाने तो पिवळा पडतो, त्यातलं आम्ल कागदाचे धागे तोडत जातं, आणि उष्णता वाढली की हे सगळं कितीतरी वेगाने होतं. गाठोडं सोडलं तेव्हा कडांचे तुकडे चुऱ्यासारखे मांडीवर पडले. सुतळी जिथे आवळली होती तिथे प्रत्येक अंकाला खाच. पिना गंजून मधली पानं लाल झालेली. खालच्या थराला वाळवी.

बरं, आता मी बसलेय ना निस्तरायला? बसू द्या की मग. नाही. शेजारच्या काकू दारातून, "काय करायलीस ग? रद्दीवाला आलाय बघ खाली, देऊन टाक की." वहिनी म्हणते, डांबरगोळ्या टाक. आत्या म्हणते, गच्चीवर उन्हात वाळत घाल. सोलापूरच्या उन्हात! छापील रंग आहेत ते, पापड नाहीत. डांबरगोळीचा वास कागदात असा शिरतो की वाचणाऱ्याचं डोकं दुखतं, आणि ती वाफ माणसालाही चांगली नाही.

बाइंडिंगचं प्रकरण तर माझ्या घशाखालीच उतरत नाही. माझं काम लवकर आटपावं म्हणून दादाने मला न विचारता अमर चित्र कथांचा एक गठ्ठा बाइंडिंगला दिला. परत आला तो काळ्या रेक्झिनचा ठोकळा. पाठीला दाभणाने भोकं पाडून आडवी शिवण मारलेली, त्यामुळे अंक पूर्ण उघडतच नाही, आतल्या बाजूची चित्रं शिवणीत गेलेली. तीन बाजूंनी मशीनवर कटिंग. कडा एकसारख्या दिसाव्यात म्हणून! त्या कटिंगमध्ये कित्येक पानांवरचे संवादांचे फुगे अर्धे गेले. राजा काय बोलतोय ते अर्ध्यात तुटलंय. आणि कव्हरं? कव्हरं काढून टाकली. बाइंडिंगवाला म्हणतो, "फाटकीच होती ताई, आत बसत नव्हती."

कॉमिकचं कव्हर म्हणजे वरचं आवरण नव्हे हो. सगळ्यात चांगलं रंगवलेलं पान तेच असतं. अंकाचा क्रमांक तिथे, किंमत तिथे. क्रमांक गेला की लावणार कसं? इंद्रजालमध्ये सुरुवातीला सरळ क्रमांक होते, पुढे वर्ष आणि अंक अशी पद्धत आली. १९६४ ते १९९० एवढा पसारा, वेताळ म्हणजे फँटम, मँड्रेक, मग १९७६ पासून आपला देशी नायक बहादूर. कव्हराशिवाय हा अंक कुठला हे ठरवायला मला एकेक गोष्ट वाचून ताडून बघावी लागते. आमच्याकडच्या इंग्रजी अमर चित्र कथांचा घोळ तर आणखी वेगळा. ती मालिका १९६७ ची, पण इंग्रजीतला पहिला अंक 'कृष्ण' हा ११ नंबरचा, कारण आधीचे दहा नंबर कानडीतल्या परदेशी परीकथांना गेलेले. आणि पुढच्या पुनर्मुद्रणांना ५०१ पासून नवे क्रमांक, म्हणजे तोच 'कृष्ण' पुन्हा ५०१ वर. हे माहीत नसलेला माणूस एकच गोष्ट दोन ठिकाणी लावणार आणि पहिले दहा हरवले म्हणून घर उलटंपालटं करणार. आमच्याकडे केलंच. मी कपाटात लावलेली रांग कुणीतरी "उंचीप्रमाणे नीट" करून ठेवली. माझ्या चिठ्ठ्या काढून कचऱ्यात.

मग बाजार. नवी पेठेतली स्टेशनरीची दुकानं मी पायाखाली घातली. पिशवी पॉलिप्रॉपिलीनची की पीव्हीसीची, एवढाच प्रश्न. पीव्हीसीतून हळूहळू बाहेर पडणारे पदार्थ शाई चिकटवतात, कागद खराब करतात, म्हणून विचारते ना मी! उत्तर एकच: "प्लास्टिक आहे, घ्या." मिळतात त्या ए-फोरच्या, त्यात कॉमिक सैल पडतं, घसरतं, कोपरे दुमडतात. आम्लमुक्त पुठ्ठा म्हटलं की दुकानदार माझ्याकडेच बघत राहतो. आणि वरून सल्ला, "लॅमिनेशन करून घ्या, आयुष्यभराचं काम." गरम प्लास्टिक कागदावर वितळवून चिकटवायचं, आतलं आम्ल आतच कोंडायचं, आणि ते परत कधीही सोडवता येणार नाही. ज्याने कुणी हे लोकांच्या डोक्यात भरवलं त्याला मी माफ करणार नाही. कुणाचं जुनं पत्र, कुणाची पत्रिका, सगळं त्या मशीनमधून काढून ठेवलंय आपल्या लोकांनी.

किडे मरावेत म्हणून अंक पिशवीत हवाबंद करून फ्रीजरमध्ये, उणे अठराला, दोन आठवडे ठेवावं लागतं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर कागदावर पाणी धरतं. हे मी फ्रीजवर चिठ्ठी लावून लिहिलं होतं. तरी कुणीतरी मटार ठेवायला पिशवी बाहेर काढली आणि "भिजलीय का बघू" म्हणून उघडली. उघडली! पिशवी कोरडीच होती, उघडल्यावर आतली पानं ओलावली.

चीर जोडायची तर पातळ टिश्यू कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, पाण्याने निघते अशी. ज्या गावाने पिढ्यान् पिढ्या सुताला खळ लावली त्या गावात मला ही गोष्ट समजावून सांगावी लागते, आणि समोरचा खिशातून फेविक्विक काढतो. गंजलेली पिन उपसायची नाही, पाय हळूच सरळ करून काढायची आणि त्याच भोकांतून सुती दोरा घालायचा. एका अंकाला अर्धा तास जातो. जातो तर जातो. माझा जातो ना?

चिडायला होतं कारण ह्या मराठी अंकांना दुसरी जागा नाही. इंग्रजी इंद्रजाल जमवणारे देशभर आहेत, त्यांच्या याद्या आहेत. मराठी वेताळ मात्र अशाच घरांच्या माळ्यांवर पडलाय आणि दिवाळीच्या साफसफाईत किलोवर जातोय. भाषांतर कुणी केलं ह्याचं नावही बहुतेक अंकांत सापडत नाही, मग ती मराठी जपायची कुणी? तराजूवाल्याने?

तर दादा, तू त्या बाइंडिंगवाल्याकडे उद्या जायचंस. मी नाही, तू. कापून काढलेली कव्हरं पोत्यात पडली असतील तर पोतं घेऊन ये, मी तुकडा तुकडा बघेन. उरलेल्या गठ्ठ्याला कुणी हात लावायचा नाही. वाचायचंय? या, हात धुवा, टेबलाशी बसा, पाहिजे तेवढं वाचा. घरी न्यायला मागायचं नाही.