इंग्लंडमधलं बाथ शहर काय तासाभरात बघायचं असतं?

पाहुणे आले की दर उन्हाळ्यात तेच. "सकाळी स्टोनहेंज, दुपारी बाथ, रात्री घरी." अहो, तासाभरात काय दिसणार? रोमन स्नानकुंडाच्या हिरव्या पाण्यासमोर फोटो काढला की पळा बसकडे! जमिनीतून ४६ अंशांचं पाणी रोज ११ लाख लिटरहून जास्त उसळतंय, तिथे क्षणभर कुणी थांबत नाही. कुंडाच्या तळाला रोमनांनी घातलेले शिशाचे पत्रे अजून टिकून आहेत. आणि ते शाप! झगा चोरीला गेला म्हणून कुणी चोराला शिशाच्या पत्र्यावर शाप कोरून सुलिस मिनर्व्हा देवीच्या झऱ्यात टाकलाय. आपल्या कोकणातलं गाऱ्हाणंच की हे! ते पत्रे ठेवलेल्या काचेसमोरून मला दर वेळी ओढून नेतात. फार जीव तुटतो.