मायक्रोवेव्हमधलं पाणी ‘मरत’ नाही, उसळतं मात्र

पावसाळा लागला की सोसायटीच्या ग्रुपवर ‘पाणी उकळून प्या’ फिरू लागतं, आणि ते बरोबरच आहे. यंदा त्याला शेपूट जोडून आलं. मायक्रोवेव्हमध्ये तापवलेलं पाणी म्हणे ‘मृत’ होतं, रेणूंची रचना मोडते. ते गार करून झाडाला घातलं तर झाड आठवड्यात मरतं. त्यामुळेच म्हणे कुणा मुलाच्या तोंडावर कपातलं पाणी उसळलं. आणि तेच पाणी पुन्हा तापवणं म्हणजे तर विष. आमच्या दादरच्या बिल्डिंगमध्ये दोन घरांनी ओव्हनचा प्लग काढून ठेवलाय, म्हणून हा खटाटोप.

आधी रेणू. घरच्या ओव्हनमधल्या लहरींची वारंवारिता 2.45 गिगाहर्ट्झ. त्यांच्या एका फोटॉनची, म्हणजे ऊर्जेच्या एका पुडीची, ऊर्जा एका इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या (अणू-रेणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजायच्या एककाच्या) साधारण लाखाव्या भागाइतकी. पाण्यातला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तोडायला सुमारे 5 इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, म्हणजे 5 लाख पट. लहरी रेणूंना नुसत्या गदागदा हलवतात, त्या धक्काबुक्कीतून पाणी तापतं. रेणूंची आपसातली मांडणी म्हणाल, तर ती माठातही सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागात बदलत असते. मोडायला आधी टिकलेली तर हवी!

झाडाचं काय सांगू? एका कुंडीला हे पाणी, एका कुंडीला ते, आणि एक रोप मेलं, याला प्रयोग म्हणत नाहीत. मी खिडकीच्या ग्रिलमध्ये मेथीच्या चार-चार वाट्या लावल्या. आठवड्याने कुठली कुठली ते मलाच ओळखू येईना, चिठ्ठ्या वाचाव्या लागल्या.

उसळण्याची गोष्ट मात्र खरी आहे, फक्त कारण भलतंच दिलंय. गॅसवर पातेलं बुडाकडून तापतं. बुडाच्या बारीक ओरखड्यांत हवा अडकलेली असते, तिथूनच वाफेचे बुडबुडे सुटतात. गुळगुळीत काचेच्या मगात अशा जागा नसल्यात जमा, आणि ओव्हनमध्ये भांड्याआधी पाणीच तापतं. मग ते 100 अंश ओलांडूनही निवांत बसून राहतं, एक बुडबुडा नाही. माझ्याच ओट्यावर झालं: असल्या शांत पाण्यात कॉफीची पूड टाकली आणि अर्धा मग क्षणात ओट्यावर. कॉफीच्या दाण्यांनी वाफेला हव्या त्या जागा दिल्या होत्या.

हिशोब करून पाहिला. 200 मिली पाणी उत्कलनबिंदूच्या फक्त 5 अंश वर गेलं, तर त्या जादा उष्णतेत 1.8 ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ होऊ शकते. ऐकायला किरकोळ. पण वाफ होताना पाणी सुमारे 1,600 पट फुगतं, म्हणजे मगाच्या पोटात एकदम तीनेक लिटर वाफ. माटुंग्याच्या कॉलेजात ऊर्ध्वपातनाच्या प्रॅक्टिकलला फ्लास्कमध्ये पोर्सेलीनचे तुकडे टाकायला लावायचे ते याचसाठी, बुडबुड्यांना सुटायला जागा मिळावी म्हणून. आम्ही तेव्हा ते मार्कांसाठी टाकत होतो.

तेव्हा प्लग लावा. पाण्याचा मग ओव्हनमध्ये ठेवतानाच त्यात लाकडी चमचा ठेवा. साखर, कॉफी, टी-बॅग जे काय असेल ते तापवण्याआधीच घाला. ओव्हन थांबल्यावर अर्धा मिनिट मगाला हात लावू नका, आणि त्यावर वाकून तर बघूच नका.

राहिलं पुन्हा तापवण्याचं ‘विष’. उकळून पाव भाग पाणी उडालं तर उरलेल्यात क्षार तिसऱ्या हिश्श्याने वाढतात, बस्स. मुंबईला तानसा-भातसा तलावांतून येणाऱ्या पावसाच्या पाण्यात ते मुळात फारसे नसतातच. पण एकदा उकळून गार झालेल्या पाण्यातून विरघळलेली हवा बरीचशी निघून गेलेली असते, त्यामुळे बुडबुड्यांना सुरुवात करायला आणखीच अडतं. दुसऱ्यांदा तापवताना तो चमचा विसरू नका.