गरुड चोच मोडून घेत नाही

हा मजकूर गेल्या काही वर्षांत मला वीसेक वेळा तरी आला असेल. या महिन्यात तो मामांनी घरच्या ग्रुपवर टाकला आणि दुसऱ्याच दिवशी माझी सातवीतली भाची शाळेच्या परिपाठात तो वाचून आली. तिने पाठ केला होता, टाळ्याही मिळाल्या. म्हणून या वेळी गप्प बसवलं नाही.

मजकूर थोडक्यात असा. गरुड सत्तर वर्षं जगतो, पण चाळिशीत त्याची चोच वाकते, नख्या निकामी होतात, पिसं जड होऊन छातीला चिकटतात. मग त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात, मरण किंवा पाच महिन्यांची तपश्चर्या. तो डोंगरमाथ्यावर जातो, खडकावर आपटून चोच मोडतो, नवी चोच आली की तिने नख्या उपटतो, नव्या नख्यांनी पिसं उपटतो आणि दीडशे दिवसांनी नवा जन्म घेऊन आणखी तीस वर्षं जगतो. मामांनी पाठवलेल्या मजकुरासोबत फोटोही होता: डोक्यावर आयाळीसारखी लांब पिसं उभारलेला, निळसर राखाडी डोळ्यांचा, मोठ्या चोचीचा पक्षी. खाली ओळी होत्या, ‘जगातला सर्वात मोठा गरुड. फक्त माकडं खातो, लहान मुलंही उचलून नेतो. जगात पन्नासच उरलेत.’

फोटोतला पक्षी मी ओळखतो. तो फिलिपिनी गरुड. फिलिपिन्स सोडून तो जगात कुठेच नाही, आणि तिथेही लुझोन, समार, लेटे आणि मिंडानाव या चारच बेटांवरच्या डोंगरी जंगलांत. ४ जुलै १९९५ रोजी त्याला त्या देशाचा राष्ट्रीय पक्षी जाहीर केलं गेलं. सगळा मजकूर याच पक्ष्याच्या नावावर फिरतोय, तर उत्तरही त्याच्याच आयुष्यातून द्यावं असं वाटलं.

पहिली गोष्ट चोचीची. पक्ष्याची चोच आतून हाडाची असते, त्यावर केराटिनचं, म्हणजे आपली नखं ज्याची बनतात त्याच द्रव्याचं आवरण असतं. हे आवरण आयुष्यभर वाढतं आणि भक्ष्य फाडताना, फांदीवर घासताना झिजत राहतं. त्यामुळे चाळीस वर्षं वाट पाहून ती मोडण्याची वेळच येत नाही. आपटून मोडली, तर आतलं हाड आणि रक्तवाहिन्या फुटतील. हाडासकट गेलेली चोच पुन्हा येत नाही. चोच नसलेल्या शिकारी पक्ष्याला मांसाचा तुकडा तोडता येत नाही, आणि पाच महिने उपाशी राहून कुठलाही गरुड जगत नाही. नख्यांचंही तेच: आत हाड, वर तेच आवरण. पिसांचं म्हणाल तर ती गळतात आणि नवी येतात, पण क्रमाने, थोडी थोडी, कारण उडणं एक दिवसही बंद ठेवता येत नाही. एवढ्या मोठ्या पक्ष्याची उडण्याची सगळी पिसं बदलायला एक वर्षही पुरत नाही. सगळी एकदम उपटून घेतलेला गरुड जमिनीवर बसून राहील आणि पावसात गारठून मरेल.

हे सगळं शरीरशास्त्र झालं. मला त्याहून जवळची वाटते ती पाग-आसाची गोष्ट. मिंडानाव बेटावर दावाओ शहराच्या बाहेर, मलागोस इथे, या गरुडांचं केंद्र आहे. तिथे १५ जानेवारी १९९२ रोजी कृत्रिम रेतनातून एक पिल्लू अंड्यातून बाहेर आलं. माणसाच्या देखरेखीत जन्मलेला हा पहिला फिलिपिनी गरुड. त्याचं नाव ठेवलं पाग-आसा, म्हणजे आशा. माणसांनी हाताने भरवून वाढवल्यामुळे त्याला माणूसच आपला वाटायचा, गरुडाची मादी नव्हे. त्याच्या सांभाळणाऱ्याने वर्षानुवर्षं त्याच्या जोडीदाराची भूमिका निभावली, तेव्हा कुठे २०१३ मध्ये, पुन्हा कृत्रिम रेतनानेच, त्याला मुलगी झाली, माबुहाय. पाग-आसा ६ जानेवारी २०२१ रोजी गेला. एकोणतिसावा वाढदिवस नऊ दिवसांवर आला होता. त्याला दोन संसर्ग झाले होते: ट्रायकोमोनायसिस, ज्यात तोंडात आणि घशात फोड येऊन गिळणं अवघड होतं, आणि अ‍ॅस्परजिलोसिस, म्हणजे श्वसनमार्गातली बुरशी. पशुवैद्य उशाशी होते, औषधं होती, खायला आयतं होतं. तरी तो वाचला नाही. तोंड आणि घसा बिघडला की या पक्ष्याचं काय होतं हे ज्यांनी पाहिलं, त्यांच्यासमोर खडकावर चोच आपटण्याची गोष्ट कशी वाचायची?

सत्तर वर्षांचा आकडाही याच ठिकाणी तपासून घेऊ. पाग-आसा एकोणतिसाला टेकला होता. रोमच्या प्राणिसंग्रहालयात या जातीचा एक पक्षी एकेचाळीस वर्षं राहिला आणि तो तिथे आला तेव्हाच प्रौढ होता. म्हणजे चाळिशी पार केलेला फिलिपिनी गरुड जगाने पाहिला आहे, आणि तो पिंजऱ्यात होता. सत्तरीचा कोणी पाहिलेला नाही.

‘जगातला सर्वात मोठा’ हे अर्धं खरं आहे. डोक्यापासून शेपटीपर्यंत तो सुमारे एक मीटर भरतो आणि लांबीत गरुडांमध्ये पहिला येतो. वजनात मात्र दक्षिण अमेरिकेतला हार्पी गरुड आणि रशिया-जपानच्या किनाऱ्यावरचा स्टेलर समुद्रगरुड त्याच्या पुढे जातात.

आता माकडांकडे येतो, कारण इथली चूक साधी नाही, तिच्यापायी पक्षी मेले आहेत. १८९६ साली जॉन व्हाइटहेड नावाचा इंग्रज संग्राहक समार बेटावर होता. तिथे मिळालेला एक पक्षी त्याने लंडनला पाठवला. ब्रिटिश म्युझियममधल्या ओगिल्व्ही-ग्रँट यांनी त्याला शास्त्रीय नाव दिलं पिथेकोफागा जेफेरी. पिथेकोफागा म्हणजे माकडं खाणारा. जेफरी हे व्हाइटहेडच्या वडिलांचं नाव. स्थानिक लोकांकडून ऐकलेल्या माहितीवर ते ‘माकडखाऊ’ चिकटलं आणि पुढची ऐंशी वर्षं पक्षी त्याच नावाने ओळखला गेला. १९७०च्या दशकात रॉबर्ट केनेडी या अभ्यासकाने मिंडानावमध्ये घरट्यांवर बसून पाहिलं, तर तिथे सर्वात जास्त येत होता तो काग्वांग, म्हणजे झाडावरून झाडावर तरंगत जाणारा, मांजराएवढा कोलुगो. त्याखेरीज कांडेचोर, उडत्या खारी, झाडांवरचे मोठे उंदीर, धनेश, साप, घोरपडी. माकडंही असतात, नर-मादी मिळून शिकार करतात, एक कळपाचं लक्ष वेधतो आणि दुसरा मागून येतो. पण ‘फक्त माकडं’ हे धादांत खोटं. लुझोनवर तर काग्वांगच नाही, तिथला गरुड उंदीर, कांडेचोर, सापांवर जगतो. जंगलात जे मिळेल ते खाणारा हा पक्षी आहे.

१९७८ साली त्या देशाच्या सरकारने अधिकृतपणे जुनं नाव काढून ‘फिलिपिनी गरुड’ केलं. तिथल्या भाषेत त्याला हारिबोन असंही म्हणतात, हारिंग इबोन म्हणजे पक्ष्यांचा राजा. आपल्याकडे मात्र अजून ‘माकडखाऊ’च फिरतोय. मी हे ताणून धरतो कारण नावाचा परिणाम होतो. माकडं फाडणारा, डुकराची पिल्लं पळवणारा, पोरं उचलणारा, असं ज्याच्याबद्दल ऐकलं तो पक्षी शेताच्या कडेला दिसला की हात बंदुकीकडे जातो.

पोरं उचलण्याचा हिशोब अगदी सोपा आहे. हा गरुड स्वतः साडेचार ते आठ किलोंचा. त्याचं आवडतं भक्ष्य, काग्वांग, दीड किलोच्या आसपास. जंगल तुटून शेत घरट्याशी आलं की तो कोंबडी किंवा डुकराचं पिल्लू नेतो, हे खरं आहे आणि ज्याचं पिल्लू गेलं त्या शेतकऱ्याचं दुःखही खरं आहे. पण चालतं-बोलतं मूल उचलून नेण्याएवढी ताकद त्या पंखांत नाही.

इथे एक नातं सांगायलाच हवं. आयाळ आणि आकार पाहून बरीच वर्षं समजूत होती की हा हार्पीचा भाऊ. २००५ मध्ये डीएनए तपासणीतून निघालं की त्याची नाळ सर्पगरुडांशी जुळते. म्हणजे पावसाळ्यानंतर सह्याद्रीच्या घाटात डोक्यावरून शीळ घालत घिरट्या मारणारा आपला तुरेवाला सर्पगरुड त्याच्या गोतातला. भाचीला मी एवढंच सांगितलं, तेव्हा तिचा चेहरा टाळ्या मिळाल्यापेक्षा जास्त उजळला. आंबोलीत तिने तो पाहिला आहे.

आता ‘पन्नासच उरलेत’. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज सुमारे ३९२ जोड्यांचा आहे. पन्नासाच्या मानाने हा आकडा बरा वाटेल, पण सगळ्या जगातल्या एवढ्याच. एका जोडीला चार हजार ते अकरा हजार हेक्टर जंगल लागतं. मादी दोन वर्षांतून एकदा एकच अंडं घालते, पिल्लू दीड वर्षभर आई-बापांवर अवलंबून असतं आणि स्वतः घरटं करायला त्याला पाच ते सात वर्षं लागतात. एका नराला गोळी लागली की एक पूर्ण पिढी पुढे ढकलली जाते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या देशाची सुमारे सत्तर टक्के जमीन जंगलाखाली होती, आता चतुर्थांशाच्या आसपास. उंच लौआनच्या झाडांवर, नेच्यांच्या गादीवर हा घरटं बांधतो आणि तीच झाडं इमारती लाकडासाठी पहिली पडली. उरलेल्या उतारावर काइंगिन होते, म्हणजे आपल्याकडच्या कुमरीसारखी, जंगल तोडून जाळून केलेली शेती.

आणि त्या मजकुराने मला सर्वात जास्त अस्वस्थ केलं ते इथे. त्यात गरुडाचं जगणं-मरणं त्याच्याच जिद्दीवर सोडलं आहे. प्रत्यक्षात काय घडतं? काबायान हा माणसांनी वाढवून रानात सोडलेला पहिला पक्षी. २००४ मध्ये माउंट आपोच्या जंगलात सोडला, पुढच्या जानेवारीत विजेच्या खांबावर बसला आणि शॉक लागून मेला. आपल्याकडे माळढोक तारांना धडकून मरतात त्याचीच ही बहीण-कथा. काग्साबुआ बरा करून २००८ मध्ये कितांगलाद पर्वतावर सोडला, काही महिन्यांत एका शेतकऱ्याने मारून खाल्ला. पामाना, म्हणजे वारसा, लहानपणीच गोळीने जखमी होऊन सापडली होती. तिला जपून, बरी करून १२ जून २०१५ रोजी, त्या देशाच्या स्वातंत्र्यदिनी, हामिगितानच्या जंगलात सोडलं. १६ ऑगस्टला ती मेलेली सापडली, अंगात गोळीची जखम. दोन महिने. यातल्या कुणाची जिद्द कमी पडली?

मामांचं मन मी ओळखतो. नोकरी गेलेल्या भाच्याला उभं करायला त्यांनी तो मजकूर टाकला होता. आपल्याकडे क्लासला, पतपेढीला, व्याख्यानमालेला ‘गरुडझेप’ नाव देतात, त्यामागेही तोच आदर आहे. पण तो आदर खऱ्या पक्ष्यापर्यंत पोचत नसेल तर काय उपयोग? चाळिशीत कोसळलेल्या माणसाला धीर द्यायला एकोणतीस वर्षं पाग-आसाला सांभाळणाऱ्या माणसांची गोष्ट सांगता येते. तीस वर्षांत त्या केंद्रात तिसेक पिल्लंच जन्मली आणि तरी ती माणसं दर हंगामात अंड्याची वाट पाहत बसतात. ही गोष्ट खरी आहे आणि तिच्यात कुणालाही स्वतःचं तोंड फोडून घ्यावं लागत नाही.

शेवटचा दावा मजकुरात लिहिलेला नाही, पण तो वाचून मनात उरतो: काही करायला नको, गरुड आपलं आपण पाहील. १९६५ मध्ये फिलिपिनो पक्षितज्ज्ञ दिओस्कोरो राबोर यांनी हा पक्षी संपत चालल्याचा इशारा दिला, तेव्हा काही लोकांनी ऐकलं. १९७० मध्ये त्याच्या रक्षणासाठी वेगळा कायदा झाला. २००१च्या कायद्याने अतिसंकटग्रस्त प्राणी मारणाऱ्याला सहा ते बारा वर्षं कैद आहे. लेटे बेटावर २०१३च्या योलांदा चक्रीवादळाने जंगल झोपवलं आणि तिथे हा गरुड दिसेनासा झाला. अकरा वर्षांनी, जून २०२४ मध्ये, मिंडानावमध्ये वाचवलेले दोन पक्षी, उस्वाग आणि कार्लिटो, पाठीवर जीपीएस यंत्र बांधून तिथे सोडले. महिनाभरातच उस्वाग समुद्र ओलांडायला निघाला आणि बुडाला. त्याचं शरीर पाण्यात मिळालं. कार्लिटोने जंगल सोडलं नाही.

भाचीने परवा विचारलं, कार्लिटोला तिथे जोडीदार मिळेल का. तिच्या वहीत तिने लेटेचा नकाशा काढला आहे आणि पुढच्या परिपाठासाठी बाईंकडे दोन मिनिटं मागितली आहेत.